आजीच्या लुगड्याचा तुकडा

प्रश्न राजापूर तालुक्यातल्या एका आईचा आहे. त्यांची मुलगी सतरा वर्षांची, बारावी सायन्सला, मे महिन्यात नीट देणार. तान्ही होती तेव्हापासून झोपताना तिच्या मुठीत आजीच्या लुगड्याचा पदर लागायचा. लुगडं विरलं तेव्हा आजीनेच काठाजवळचा एक तुकडा फाडून तिला दिला. आजी दोन वर्षांपूर्वी गेल्या. तुकडा आता हातरुमालाएवढा उरलाय आणि मुलीच्या सॅकच्या पुढच्या कप्प्यात असतो. पंधरा दिवसांपूर्वी आईने तो बाकीच्या कपड्यांबरोबर मशीनला लावला. मुलगी दोन तास रडली, रात्री जेवली नाही. वडील म्हणतात, ‘एवढी मोठी घोडी झाली, डॉक्टर व्हायला निघाली आणि चिंधी घेऊन फिरते. अंधश्रद्धा आहे ही, जाळून टाका एकदाची.’ त्यातच मोठ्या जाऊबाईंनी ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घालून काळा दोरा आणि ताईत आणलाय, तो मुलीने मुकाट्याने दंडाला बांधून घेतला. आईला तीन गोष्टी हव्या आहेत: हे काही मानसिक आहे का, तुकडा काढून घ्यावा का, आणि परीक्षेच्या हॉलमध्ये तो नेता येणार नाही तेव्हा काय करायचं.

ताई, पहिल्याचं उत्तर आधीच देऊन टाकते, म्हणजे पुढचं तुम्ही शांतपणे वाचाल. तुम्ही जे लिहिलंय त्यात मला आजार दिसत नाही. रत्नागिरीत मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करताना मला बावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत समोरच्या खुर्चीवरच्या माणसांनी खिशातून, पर्समधून, करगोट्यातून काय काय काढून टेबलावर ठेवलंय! अंगाऱ्याची पुडी, दर्ग्यातला ताईत, बंद पडलेलं एचएमटी घड्याळ, पहिल्या पगारातली दहाची नोट, एका बाहुलीचा नुसता हात. (हात आणणारी बाई चाळिशीची होती आणि शाळा चालवत होती.) वस्तू बघून मी काहीच ठरवत नाही. मी एकच विचारते: ज्या दिवशी ही घरी विसरते, त्या दिवशी काय होतं?

कुणी म्हणतं, ‘दिवसभर चुकल्यासारखं वाटतं.’ कुणी म्हणतं, ‘अर्ध्या वाटेतून परत येतो.’ आणि एखादा म्हणतो, ‘विसरतच नाही, निघताना सात वेळा बघतो.’ ही तीन माणसं तीन वेगळ्या ठिकाणी उभी आहेत, खिशात तिघांच्याही गणपतीच असला तरी.

तुमच्या मुलीच्या तुकड्यासारख्या वस्तूंवर पहिल्यांदा नीट विचार केला तो डोनाल्ड विनिकॉट या इंग्रज बालरोगतज्ज्ञाने. ते मनोविश्लेषकही होते. १९५१ साली त्यांनी लंडनमध्ये या विषयावर निबंध वाचला, १९५३ मध्ये तो छापून आला. त्यांचं म्हणणं साधं होतं. आई आणि आपण एकच, इथून सुरुवात करून आई वेगळी आणि आपण वेगळे, इथपर्यंत मुलाला यायचं असतं. मधली वाट लांब असते, आणि त्या वाटेवर हातात धरायला मूल काहीतरी शोधतं. पांघरुणाचं टोक, कापसाचा बोळा, एखादं खेळणं. ती वस्तू आई नसते, पण नुसती चिंधीही नसते. मोठ्यांनी एक पथ्य पाळायचं असतं, ते म्हणजे मुलाला ‘यात खरंच काही आहे का, की हे तुझ्या मनाचे खेळ’ असं कधी विचारायचं नाही. आणि ताई, तुमच्यासाठी मुद्दाम सांगते: त्याच निबंधात त्यांनी लिहिलंय की चांगली आई ती वस्तू मळू देते, तिला वास येऊ देते, कारण धुतली तर मुलाच्या अनुभवात खंड पडतो. वॉशिंग मशीनने तुमच्या घरात जे केलं त्याची नोंद सत्तर वर्षांपूर्वीच होऊन गेली आहे, तेव्हा स्वतःला फार बोल लावून घेऊ नका.

वासाची गोष्ट खरोखरच वेगळी असते. डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं मेंदूत एका मधल्या स्थानकावर उतरून पुढे जातं. वास तिथे थांबत नाही, भावना आणि आठवणी जिथे हाताळल्या जातात त्या भागांत जवळजवळ थेट पोचतो. म्हणून फणसाच्या आठळ्या भाजल्याचा वास आला की माणूस पन्नाशीतही आजोळच्या मागल्या दारी उभा राहतो. मुलगी त्या रात्री कापडासाठी रडली नाही. कापड तर दोरीवर वाळत होतं. आजीचा उरलेला वास डिटर्जंटने नेला, त्यासाठी ती रडली. दोन वर्षांत आजी दुसऱ्यांदा गेली, आणि कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

एक मजेदार प्रयोग सांगते. ब्रिस्टलचे ब्रूस हूड आणि येलचे पॉल ब्लूम या दोघांनी २००८ मध्ये तो छापला. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना त्यांनी एक खोटंच यंत्र दाखवलं: एका पेटीत वस्तू ठेवली की दुसऱ्या पेटीतून तशीच्या तशी निघते. साध्या खेळण्याच्या बाबतीत मुलांना नवीन नक्कल घ्यायला काही वाटेना. पण झोपताना जी लागते ती लाडकी वस्तू ज्यांनी आणली होती, त्यांतल्या काहींनी ती यंत्रात घालूच दिली नाही. ज्यांनी घातली त्यांतल्या बहुतेकांना स्वतःचीच परत हवी होती. तेव्हा बाजारातून त्याच रंगाचं इरकल आणून ‘हे घे, नवीन’ असं कृपा करून करू नका.

आपल्याकडे या वस्तू कमी दिसतात असं पालक मला सांगतात, आणि त्यात तथ्य असावं. टोकियो आणि न्यूयॉर्कच्या मुलांची तुलना झाली तेव्हा अमेरिकन मुलांमध्ये लाडकं पांघरूण किंवा खेळणं बाळगणारी कितीतरी जास्त निघाली. जपानी मूल आईच्या शेजारी झोपतं, अमेरिकन मूल वेगळ्या खोलीत. आपलं मूल तर आईच्या कुशीतून आजीच्या वाकळीत आणि तिथून मावशीच्या अंथरुणात असंच मोठं होतं. म्हणून आपल्याकडे टेडीपेक्षा माणसाच्या अंगावरचं कापडच जास्त दिसतं: पदर, लुंगी, आजोबांची कानटोपी. तुमची मुलगी यात अगदी कोकणातली आहे.

आता यजमानांच्या मुद्द्याकडे येते, कारण तो सोडून देण्यासारखा नाही. त्यांचा राग तुकड्यापेक्षा त्या दोऱ्यावर जास्त असावा असा माझा अंदाज आहे, आणि तो राग बरोबर जागी लागला पाहिजे. दोऱ्याने माणूस मेला असं आपल्या भागात झालेलं आहे. लाल विंचू चावला की आधी मांत्रिक, मग दोरा, मग उतारा, आणि शेवटी रात्री दवाखाना. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन ही गोळी वापरून हे मृत्यू पार खाली आणले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण गोळीचा उपयोग रुग्ण वेळेत पोचला तरच. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात म्हणूनच हे स्पष्ट लिहिलंय: कुत्रा, साप, विंचू चावलेल्याला उपचार घेण्यापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा आहे. उपचाराच्या आड आलेला दोरा गुन्हा होतो. परीक्षेच्या भीतीने हाताला बांधलेला दोरा गुन्हा नाही, आणि आजीच्या लुगड्याचा तुकडा तर श्रद्धाही नाही आणि अंधश्रद्धाही नाही. त्याच्याकडून मार्क मिळतील असं तुमची मुलगी कुठे म्हणतेय? तिला तो जवळ असावा असं वाटतं, एवढंच. यजमानांना एक विचारून बघा, त्यांच्या पाकिटात जुन्या दसऱ्याचं आपट्याचं पान आहे का. असेल तर बोलणं सोपं जाईल.

तुकडा आणि ताईत या दोन वस्तू एकाच सॅकबरोबर फिरत असल्या तरी त्यांचं काम निराळं आहे. तुकडा धीर देतो. ताईत नशीब फिरवतो असं मानलं जातं. धीराची वस्तू सहसा मऊ असते, तिला माणसाचा वास असतो आणि माणूस तिला लपवून ठेवतो. नशिबाची वस्तू दिसेल अशी बांधलेली असते आणि पुष्कळदा ती दुसऱ्याने दिलेली असते. काकूंनी बांधलेला ताईत हा मुलीपेक्षा काकूंच्या काळजीचा ताईत आहे. मुलीने तो मुकाट्याने बांधून घेतला, यात मला तिचा समजूतदारपणा दिसतो.

नशिबाच्या वस्तू कुठे उगवतात, यावर ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञाचं एक निरीक्षण आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात तो न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर राहिला होता. तिथले लोक आतल्या शांत खाजणात मासे धरायचे तेव्हा कसलाही विधी करत नसत. बाहेर खुल्या समुद्रात, जिथे जिवाचा भरवसा नाही आणि मासळीचाही नाही, तिथे मंत्र, तोडगे, सगळं. हे वाचलं तेव्हा मला हसू आलं, कारण त्यासाठी ट्रोब्रियांडला जायची गरज नव्हती. खाडीत ओहोटीला तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायला बसलेली बाई कुणाला नारळ वाढवत नाही. आणि एक ऑगस्टला बंदी उठून ट्रॉलर बाहेर काढायचा म्हटलं की पूजेवाचून बोट हलत नाही. देवगडकडचा एक तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, माझ्याकडे झोप लागत नाही म्हणून येत होता. त्याच्या खिशात करवंटीचा एक तुकडा असायचा, नारळी पौर्णिमेच्या नारळाचा, घासून घासून काळा गुळगुळीत झालेला. याने काय होतं, असं मी विचारलं. तो म्हणाला, “ता काय करता ता माका म्हायत नाय. पण खिशात असला की बरा वाटता.” मी इतकी पुस्तकं वाचली, यापेक्षा प्रामाणिक व्याख्या मला सापडलेली नाही. आणि वादळाचा बावटा लागला की हा माणूस करवंटी खिशात असूनही बोट बंदरातच ठेवायचा, हे महत्त्वाचं. करवंटीवर विसंबून तो हवामान खात्याशी पैज लावत नव्हता.

अशा वस्तूंनी खरंच काम चांगलं होतं का? २०१० मध्ये जर्मनीतल्या कोलोनच्या संशोधकांनी काही जणांना गोल्फचा चेंडू देताना ‘हा आजवर लकी ठरलाय’ असं सांगितलं आणि त्यांचे नेम जास्त लागले. ही बातमी जगभर फिरली, अजूनही मोटिव्हेशनवाले तिचा दाखला देतात. पुढे २०१४ मध्ये अमेरिकेत जास्त माणसं घेऊन तोच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा फरक दिसला नाही. ही दुसरी बातमी मात्र फिरली नाही. तेव्हा ताईताने स्कोअर वाढेल असं मी तुम्हाला सांगणार नाही. मोहिंदर अमरनाथांचा लाल रुमाल आणि सचिनचं आधी डावं पॅड बांधणं हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्या दोघांनी नेटमध्ये घालवलेले तास कुणी मोजत नाही.

लहान मूल घरात असेल त्यांच्यासाठी मध्येच एक सूचना, कारण दोरा-ताईताचा विषय निघाला की मला ही द्यावीच लागते. बाळाच्या गळ्यात काहीही बांधू नका; दोरा अडकून फास बसू शकतो. मनगटाला वेखंडाचे मणी बांधलेत तर ते तोंडात जाऊन घशात अडकू शकतात. गुंजा तर नकोच, चावली तर विषारी असते. आणि बिब्बा कातडीला लागला की पोळल्यासारखे फोड येतात. दृष्ट काढायचीच असेल तर मीठमोहऱ्यांनी काढा, त्या निदान चुलीत जातात.

आता वस्तू कधी माणसावर बसते, ते दोन जणांवरून सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

आंब्याच्या व्यापारातले एक गृहस्थ होते. त्यांना पहिल्यांदा घबराटीचा झटका आला तो रेल्वेत, करबुडेच्या बोगद्यात. रत्नागिरीहून मुंबईकडे निघालं की थोड्याच वेळात तो येतो. साडेसहा किलोमीटरचा, कोकण रेल्वेवरचा सगळ्यात लांब. काळोख, कानात दडे, छातीत धडधड, आता मेलो अशी खात्री. डॉक्टरांनी हृदय तपासून नीट असल्याचं सांगितलं आणि गरज लागली तर घ्या म्हणून एक गोळी लिहून दिली. ती त्यांनी कधी घेतलीच नाही. खिशात ठेवली. चार वर्षांनी माझ्यासमोर त्यांनी शर्टाच्या खिशातून ती पट्टी काढली. चांदी उडून कागद राखेच्या रंगाचा झाला होता, नावाची अक्षरं पुसलेली, आत एकच गोळी आणि तिचीही भुकटी. मुदत संपून तीन वर्षं झाली होती. ती खिशात नसेल तर ते गाडीत चढत नसत. एकदा बायकोने शर्ट बदलला तर ते संगमेश्वरला उतरून परत आले होते.

यात वाईट काय, असं तुम्ही म्हणाल. माणूस प्रवास तर करत होता. वाईट हे की प्रत्येक वेळी बोगदा पार झाला त्याचं श्रेय गोळीला गेलं. आपण स्वतः पार होऊ शकतो हे त्यांना कळायला वावच राहिला नाही. आमच्या धंद्यात याला सुरक्षेची सवय म्हणतात. पट्टी आम्ही हिसकावून घेतली नाही. आधी खिशातून हातातल्या बॅगेत गेली, मग वरच्या रॅकवर, मग बायकोच्या पर्समध्ये आणि त्या दुसऱ्या डब्यात. शेवटी पट्टी घरी राहिली. त्या दिवशी बोगद्यात त्यांना झटका आला का? आला. पाच-सहा मिनिटं घाम फुटला, धडधडलं, आणि गाडी उजेडात आली तसा ओसरला. त्यांना हवी होती ती माहिती एवढीच होती.

दुसरा आठवीतला मुलगा. एका पेपरात पैकीच्या पैकी पडले तेव्हा हातात निळं पेन होतं. पुढचा पेपर त्याच पेनाने. मग पेनाबरोबर तीच पट्टी. मग पेनाला तीनदा हात लावूनच सुरुवात. मग तीनदा लावताना मनात वाईट विचार आला तर पुन्हा पहिल्यापासून. सहामाहीला त्याने अर्धा तास कोऱ्या कागदासमोर काढला. याला आपल्याकडे जुना नेमका शब्द आहे, मंत्रचळ. इथे वस्तू धीर देत नव्हती, हप्ता वसूल करत होती. असं दिसलं तर समजावण्यात वेळ घालवू नये, मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावं. यावर वर्तनोपचार आहेत, लागली तर औषधं आहेत, आणि मुलं बरी होतात. रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाची पायरी चढायला लोक अजून कचरतात. त्यांनी निदान १४४१६ या टेलिमानसच्या सरकारी क्रमांकावर फोन करावा, त्याला पैसे पडत नाहीत.

तुमच्या मुलीकडे यातलं काय आहे ते बघा. तुकड्याचे नियम वाढत चाललेत का? तो सॅकमध्ये असूनही ती वारंवार चाचपते का? त्याच्यासाठी तिने कुठे जाणं टाळलंय का, मैत्रिणीकडे राहणं, सहल? तुम्ही लिहिलंय की कॉलेज, क्लास, गॅदरिंग सगळं चालू आहे आणि मैत्रिणींना तुकड्याचा पत्ताही नाही. मग तुकडा तिला दाराबाहेर नेतोय. राहू दे.

एक बाजू मात्र मी हलक्याने घेणार नाही, ती आजीची. माणूस गेल्यावर त्याची वस्तू जपणं निराळं आणि त्या वस्तूत माणूस कोंडून ठेवणं निराळं. सायप्रसमध्ये जन्मलेले मानसोपचारतज्ज्ञ वामिक वोल्कान यांनी अशा वस्तूंवर पुष्कळ काम केलंय. ज्या वस्तूकडे बघवत नाही आणि जी टाकवतही नाही, तिथे दुःख अडकलेलं असू शकतं. माझ्याकडे एक बाई यायच्या. त्यांच्या नवऱ्याचा रेनकोट पडवीतल्या खुंटीवर तीन पावसाळे तसाच होता. केर काढताना त्या तेवढी भिंत सोडून झाडत, आणि त्याखालून जायला नातवंडांना बंदी होती. तुमच्या मुलीचा तुकडा तसा नाही. ती तो हातात घेते, वापरते, त्याच्यासाठी मोकळेपणी रडते. तरी त्या दोन तासांच्या रडण्यात आजीचं राहून गेलेलं रडणं किती होतं, हे तुम्ही तिला विचारू शकता. आजी गेली तेव्हा ही पंधराची, दहावीच्या वर्षात असणार. घरातल्या मोठ्यांनी ‘तू अभ्यास कर’ म्हणून तिला खोलीत पाठवलं होतं का? पुष्कळ घरांत तसंच होतं.

माझंही सांगते, नाहीतर हे सगळं वरून बोलल्यासारखं होईल. माझ्या पर्समध्ये एक सागरगोटा आहे, आईच्या पाचांतला उरलेला एक. राखाडी, मोठ्या बोराएवढा. उजेडात धरला तर अंगावर केसासारख्या बारीक रेघा गोल फिरलेल्या दिसतात, आणि कानाशी हलवला तर आत सुकलेला गर खुळखुळतो. फरशीवर घासून शेजारणीच्या दंडाला टेकवला की चांगला चटका बसतो. शाळेत आम्ही हा उद्योग भरपूर केलाय. ही बी पाण्यावर तरंगते आणि समुद्रातून कुठच्या कुठे जाते. स्कॉटलंडच्या पश्चिमेला हेब्रिडीज बेटं आहेत, तिथे अशा वाहत आलेल्या बिया दृष्ट लागू नये म्हणून मुलांच्या गळ्यात घालत, अशी १७०३ साली छापलेल्या एका प्रवासवर्णनात नोंद आहे. अवघड केस यायची असली की मी आधी पर्समध्ये हात घालते. मागे एकदा तो महिनाभर सापडला नाही, अस्तराच्या फटीत गेला होता. त्या महिन्यात मी सगळी कामं केली. चिडचिड जरा जास्त झाली, असं आमच्या रिसेप्शनवरच्या ताई म्हणतात.

आता परीक्षा. हॉलमध्ये तुकडा जाणार नाही, ताईतही नाही. धातूच्या वस्तू आणि दागिने तिथे चालत नाहीत. धार्मिक वस्तू घालून येणाऱ्यांना तपासणीसाठी लवकर बोलावतात. त्या वर्षीच्या प्रवेशपत्रावरच्या सूचना शब्दन्‌शब्द वाचा. एका परीक्षाकेंद्राच्या गेटवर मुलांच्या हातातले दोरे कात्रीने कापताना मी पाहिलंय. श्रद्धा असो नसो, पेपरच्या आधी अर्धा तास अंगावरचं काही असं कापून घेतलं की मूल हलतं. म्हणून ताईत आदल्या दिवशी घरीच उतरवा, आणि शक्य असेल तर ज्यांनी बांधला त्या काकूंच्याच हाताने. देवापाशी ठेवू द्या. काकूंचा मानही राहील.

तुकड्याचं काम आजपासून सुरू करा, परीक्षेच्या आठवड्यात नाही. क्लासमध्ये सराव परीक्षा होत असतीलच. पहिल्या दोनतीन वेळा तुकडा सॅकमध्ये, सॅक वर्गाबाहेर. पुढच्या वेळी तुकडा घरी, उशीखाली. तिच्या नकळत काढून ठेवायचा नाही. तिनेच ठेवायचा आणि तिनेच परत घ्यायचा. एखाद्या पेपरला धडधडलं तर बिघडलं नाही, तेच तर बघायचंय.

आणि तिला एक नीट विचारा: तू तुकड्याचं नेमकं करतेस काय? मुलांना हे कुणी विचारत नाही. बहुतेक जण काठ अंगठा आणि तर्जनीमध्ये धरून चोळतात. काही जण नाकाशी धरतात. ती चोळत असेल तर तिची अर्धी गरज बोटांची आहे, आणि बोटं हॉलमध्ये नेता येतात. कुर्त्याच्या शिवणीवर तीच हालचाल, बरोबर श्वास सावकाश सोडायचा, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्यायचा. घरी तुकडा हातात असतानाच हे करायला लागली तर दोन महिन्यांत बोटांना सवय होईल. अवघड प्रश्न आला की शिवण, श्वास, पुढचा प्रश्न.

परीक्षेच्या दिवशी तुकडा केंद्राच्या गेटपर्यंत येऊ दे. तिथे तो तिने कुणाच्या हातात द्यायचा? माझं मत, वडिलांच्या. तुमच्या नाही, त्यांच्याच. त्यांना लेक्चर देऊ नका, पटवूही नका. एवढंच सांगा की पेपर सुटेपर्यंत हा खिशात सांभाळायचाय, आणि गाडीत ठेवून चहाला जायचं नाही.

धुण्याचं राहिलं. तुकड्याला इस्त्री करू नका, अत्तर लावू नका, तिच्याकडे तसाच द्या. तुमच्याकडून चुकून झालं, हे एकदाच सांगा आणि थांबा. नंतर तिला विचारून आजीची ट्रंक उघडा. तुमच्या सासूबाईंच्या पिढीतल्या बायका लुगड्यांच्या घडीत सुरंगीच्या फुलांचे वळेसर, म्हणजे गजरे, ठेवत. सुकून तपकिरी झाले तरी वर्षभर घमघमतात. ट्रंकेत अजून एखादा वळेसर असेल. नसला तर आत्ता फेब्रुवारी संपत आलाय, सुरंगी फुलायला लागली आहे. सकाळी बाजारात वळेसर येतात. दोन घ्या. एक तिच्या वेणीत, दुसरा सावलीत सुकवून तुकड्याबरोबर ट्रंकेत. वास अगदी आजीचा येणार नाही, आणि ती पहिल्यांदा नाकाशी धरेल तेव्हा तसं म्हणेलही. म्हणू दे.